खुनाच्या गल्लीत अर्धा चहा

लंडनच्या पूर्वेकडच्या वस्तीत संध्याकाळी गेलं की छत्री उंच धरलेला एक माणूस आणि त्याच्यामागे वीस-पंचवीस जणांचा घोळका हमखास भेटतो. दिंडी म्हणावी तर टाळ नाहीत, मयत म्हणावी तर चेहऱ्यांवर उत्साह फार. ही मंडळी पैसे मोजून खून बघायला निघालेली असतात. खून १८८८ सालचे, मारेकरी 'जॅक द रिपर' अजून सापडलेला नाही, आणि जिथे प्रेतं पडली तिथे आता काचेच्या कचेऱ्या नाहीतर मोटारी. म्हणजे बघायला तसं काहीच नाही. ही उणीव दर तिसऱ्या वळणावर बीअरने भरून काढतात.

वऱ्हाडातल्या बाळापूरचे इतिहासाचे एक निवृत्त गुरुजी लेकीकडे लंडनला गेले, तेव्हा राजवाडा, पूल आणि बोट आटोपल्यावर जवाईबापूंनी या फेरीची तिकिटं काढली. "मामाजी, तुम्ही इतिहासवाले, तुम्हाला आवडेल." गुरुजी माळकरी. पहिल्या पबमध्ये त्यांनी लिंबूपाणी घेतलं, दुसऱ्यात संत्र्याचा रस, तिसऱ्यात नुसतं पाणी मागितलं आणि त्याचे पैसे पडत नाहीत हे कळल्यावर चौथ्यातही तेच. तोवर बाकीची मंडळी इतिहासाच्या पलीकडे पोचली होती. शुद्धीत ऐकणारा श्रोता एकच उरला, त्यामुळे गाइड छत्री मिटून गुरुजींनाच सगळं सांगू लागला.

गुरुजींनी नकाशा विचारला नाही, रिपर कोण होता हेही विचारलं नाही. वऱ्हाडी माणसाने विचारावं तेच विचारलं, "अन् पंचनामा कुठी झाला?" जवाईबापूंनी भाषांतर केलं. गाइड खूश झाला आणि त्याने पायाखालच्या फळ्यांकडे बोट केलं.

रिपरच्या बळींच्या चौकशीला सार्वजनिक हॉल मिळाले होते, पण एरवी राणी व्हिक्टोरियाच्या काळात इंग्लंडमध्ये अपघाती किंवा संशयास्पद मृत्यूची चौकशी बहुधा गावच्या पबमध्येच बसायची. कारण साधं होतं. पंच मोहल्ल्यातले, त्यांनी प्रेत प्रत्यक्ष बघितलं पाहिजे असा नियम, आणि इतकी माणसं मावतील अशी खोली गल्लीत एकाच ठिकाणी. प्रेत कधी मागच्या पडवीत, कधी तळघरात, वर साक्षी-पुरावे, आणि गल्ल्यावर नेहमीची विक्री. दुसरी सोयीची जागा असेल तर चौकशी पबमध्ये घेऊ नये, असं कायद्याने सांगायला १९०२ साल उजाडलं. तेव्हा खुनाची गोष्ट पबमध्ये सांगणं हा पर्यटनवाल्यांचा चावटपणा म्हणता येत नाही. गोष्टीचा जन्मच तिथला आहे.

याचा नमुना बघायचा तर ९ जुलै १८६४ ची शनिवारची रात्र बघावी. नॉर्थ लंडन रेल्वेच्या पहिल्या वर्गाच्या डब्यात थॉमस ब्रिग्ज नावाच्या वृद्ध बँक कर्मचाऱ्याला कुणीतरी मारलं, सोन्याचं घड्याळ-साखळी काढून घेतली आणि त्याला गाडीबाहेर फेकलं. इंग्लंडच्या रेल्वेतला हा पहिला खून. रुळांवर सापडलेल्या ब्रिग्जना उचलून नेलं ते जवळच्या पबमध्ये. डब्यात एक टोपी सापडली, पण ती ब्रिग्जची नव्हती. मारेकरी घाईत स्वतःची ठेवून त्यांची घालून गेला होता. साखळी ज्या सराफाकडे बदलली गेली त्याचं आडनाव डेथ, म्हणजे मृत्यू. कादंबरीकाराने असं आडनाव दिलं असतं तर संपादकाने खोडलं असतं. त्या सराफाच्या नावाची डबी एका बग्गीवाल्याच्या घरात पोरीच्या हातात खेळायला आली होती, त्यावरून त्याला ती देणारा फ्रान्झ म्यूलर हा जर्मन शिंपी आठवला.

म्यूलर तोवर शिडाच्या जहाजातून न्यूयॉर्ककडे निघालेला. जहाजाचं नाव 'व्हिक्टोरिया'. पोलिसांनी वाफेची बोट पकडली, आधी पोचले आणि धक्क्यावर आठवडेच्या आठवडे आरोपीची वाट बघत बसले. म्यूलर उतरला तेव्हा ब्रिग्जची टोपी त्याच्याजवळच होती, फक्त उंची कापून बुटकी केलेली. १४ नोव्हेंबरला त्याला न्यूगेट तुरुंगाबाहेर सुमारे ५० हजार लोकांसमोर फाशी दिलं. तुरुंगासमोरच्या 'मॅग्पाय अँड स्टंप' या पबचा फाशीच्या सकाळी खिडकीची जागा आणि न्याहारी असा एकत्र दर असे. पुढे लंडनच्या शौकिनांत कापलेल्या टोपीची फॅशन आली आणि तिला नाव पडलं म्यूलरचंच. या प्रकरणातून काही भलं निघालं असेल तर ते १८६८ च्या कायद्यात: प्रवाशाला चालत्या गाडीतून गार्डला इशारा देता आला पाहिजे, अशी सोय लांबच्या गाड्यांत सक्तीची झाली. आपल्याकडे डब्यात लटकणारी साखळी त्याच घराण्यातली. ती ओढायची कारणं मात्र आपली आपण शोधली.

गुरुजींना ही कथा फार आवडली, आणि वाईटही वाटलं. रेल्वेचा खून व्हायला आधी गावातून रेल्वे जावी लागते. नागपूरकडे जाणारे रूळ बाळापूरला वळसा घालून पारसवरून गेले. बाळापूरकर आजही गाडीसाठी पारसला नाहीतर अकोल्याला जातो. इतिहासात शिरायची एक संधी अशी स्टेशनाअभावी गेली.

शेवटचा मुक्काम 'टेन बेल्स'. रिपरच्या बळींपैकी काहींचा या पबशी संबंध जोडतात. १९७६ साली मालकाने पबचं नावच 'जॅक द रिपर' करून टाकलं होतं. खुन्याच्या नावाने दुकान! बायकांनी विरोध केला, आणि १९८८ मध्ये, खुनांच्या शताब्दीला, जुनी पाटी परत लागली. २०१५ मध्ये तर कमालच झाली. केबल स्ट्रीटवर स्त्रियांच्या इतिहासाचं संग्रहालय काढतो म्हणून परवानगी घेतली आणि उघडलं ते रिपरचं संग्रहालय. मेरी अ‍ॅन निकोल्स, अ‍ॅनी चॅपमन, एलिझाबेथ स्ट्राइड, कॅथरिन एडोज, मेरी जेन केली ही पाच नावं फेरीतल्या किती जणांना सांगता येतील, हा प्रश्न गुरुजींनी मास्तरकीच्या सवयीने घोळक्याला विचारला. एकाही हाताला उत्तर देता आलं नाही. सगळ्यांच्या हातात ग्लास होते. या बायकांची आयुष्यं कशी होती यावर हॅली रुबेनहोल्डचं 'द फाइव्ह' हे पुस्तक यायला २०१९ साल लागलं. खुन्यावर लिहिणाऱ्यांनी त्याआधीच कपाटं भरली होती.

परतल्यावर गुरुजींच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. बाळापुरात अशी फेरी का नको?

मुंबईला अडचण नाही, हे त्यांनी प्रांजळपणे मान्य केलं. चार्ल्स फोर्जेट हा भारतात जन्मलेला, मराठी-हिंदुस्थानी अस्खलित बोलणारा पोलीस अधिकारी १८५७ मध्ये वेषांतर करून मुंबईत फिरत होता, सोनापूरजवळच्या एका घराच्या भिंतीला भोकं पाडून आत चाललेल्या मसलती ऐकत होता. त्याच्या नावाचा रस्ता ताडदेवला अजून आहे. १८९१ च्या एप्रिलमध्ये राजाबाई टॉवरवरून बच्चूबाई आणि पिरोजबाई या दोन पारशी तरुणी पडून मेल्या; त्याचा उलगडा आजवर झाला नाही. तो मनोरा प्रेमचंद रायचंदांच्या देणगीतला, आणि प्रेमचंदांचा पैसा अमेरिकेतल्या यादवीच्या वेळी कापसाच्या सट्ट्यात झालेला. कापूस म्हटलं की वऱ्हाडाने आपलं नाव पुढे करावं, इतका हक्क आहे. पण मुंबईची फेरी मुंबईकर काढतील. बाळापूरचं काय?

पहिला प्रश्न पबचा. बाळापुरात पब नाही. देशी दारूचं दुकान धरलं तर फेरी पहिल्याच थांब्यावर संपणार, आणि उरलेल्या इतिहासाची नोंद थेट पोलीस ठाण्यात होणार. त्यामुळे गुरुजींनी पबच्या जागी हॉटेल लिहिलं. हॉटेल म्हणजे वऱ्हाडातलं हॉटेल: चार बाकडी, एक भट्टी, कढईत आलुबोंडे आणि दुधाच्या पातेल्यावर जाड साय. दुसरा पर्याय पानठेला. चौकशीचं काम या दोन ठिकाणी इंग्लंडच्या पबइतकंच चोख चालतं, फक्त समन्स निघत नाही. गावात कोण कसा मेला, डॉक्टर काय म्हणाला आणि खरं काय झालं, याचा निकाल कोर्टाच्या बऱ्याच आधी इथे लागलेला असतो, आणि वरच्या कोर्टाने फिरवला तरी इथे फिरत नाही.

दुसरा प्रश्न गुन्ह्याचा, आणि इथे गुरुजींची छाती फुगली. व्हिक्टोरियन इंग्लंडला गुन्हेकथेची पहिली मोठी चटक ज्या पुस्तकांनी लावली, त्यांत १८३९ सालचं 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' वरच्या रांगेत. राणीनेही ते उत्सुकतेने वाचलं असं सांगतात. लेखक फिलिप मेडोज टेलर, निजामाच्या नोकरीतला. त्याचा अमीर अली ठग उमरावती आणि एलिचपूरच्या वाटा तुडवतो. आणि १८५७ च्या धामधुमीत याच टेलरला नळदुर्गहून बुलढाण्याला पाठवलं. वऱ्हाड तेव्हा नावाला निजामाचं आणि १८५३ पासून कारभाराला इंग्रजांचं. फौज मागू नका, मिळणार नाही, जमेल तसं सांभाळा, असा निरोप घेऊन तो आला आणि मुलूख शांत ठेवला. म्हणजे ठगांचा सगळ्यात गाजलेला कथाकार बाळापूरच्या शेजारच्या जिल्ह्यात साहेब होऊन बसला होता. लंडनवाल्यांच्या हाती हे लागलं असतं तर त्यांनी बुलढाण्यात तीन पब काढले असते.

ठगांची रीत फेरीला फार सोयीची. प्रवाशांशी ओळख काढायची, सोबत चालायचं, विश्वास बसू द्यायचा आणि ठरल्या मुक्कामी गप्पा रंगात आल्या की म्होरक्याने ठरलेला शब्द टाकायचा. टेलरच्या कादंबरीत तो शब्द आहे "तंबाखू लाओ", म्हणजे तंबाखू आण. मग रुमाल गळ्यात. गुरुजींनी हे हायवेच्या पानठेल्यावर सांगायचं ठरवलं आणि सराव म्हणून एकदा सांगूनही बघितलं. ऐकणारे गार झाले. तेवढ्यात मागून कुणीतरी खरोखरच सहज आवाज दिला, "तंबाखू आण रे." एका श्रोत्याने मान झटक्यात आत घेतली.

या थांब्यावर आणखी एक गोष्ट सांगायची असं गुरुजींनी वहीत दोनदा अधोरेखित केलं आहे, आणि ती हसत सांगण्यासारखी नाही. ठगांच्या बंदोबस्तासाठी १८३६ मध्ये कायदा झाला. अमुक खून केला हे सिद्ध करायची गरज नाही, टोळीतला आहे एवढं पुरे, जन्मठेप. त्याच विचाराने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि पुढे अख्ख्या जाती जन्मानेच गुन्हेगार ठरल्या. हजेऱ्या, परवाने, वसाहती. वऱ्हाडातल्या पारध्यांना हा शिक्का अजून पुसता आलेला नाही. कायदा मात्र १९५२ मध्ये रद्द झाला. रिपरने पाच जणी मारल्या आणि सुटला. इथे लाखो माणसं कुणालाही न मारता पकडलेली. व्हिक्टोरियन गुन्ह्यांची फेरी काढायची आणि हा गुन्हा वगळायचा, हे गुरुजींना पटत नाही.

बाकी थांबे सोपे. मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावरचा किल्ला, एलिचपूरच्या इस्माईलखानाने १७५७ मध्ये पुरा केलेला. त्याच्या पायथ्याशी बाळादेवी. पोथीतल्या हवालदाराचाही एक थांबा ठेवा, असा आग्रह झाला. याच बाळापुरात त्याने गजानन महाराजांवर छडी उगारली होती आणि पुढे त्याचं काय झालं ते घरोघरी पारायणात वाचतात. त्या खटल्याचा निकाल सगळ्यांना पाठ असल्यामुळे रहस्य राहणार नाही, असं म्हणून गुरुजींनी तो सध्या बाजूला ठेवला.

शेवटचा थांबा नदीकाठची मिर्झाराजे जयसिंगांची छत्री. व्हिक्टोरियाच्या पावणेदोनशे वर्षं आधीचं प्रकरण, पण माल अस्सल. पुरंदरचा तह घडवणारे मिर्झाराजे, शिवाजी महाराज आग्र्याहून निसटल्यावर बादशहाच्या मनातून उतरले, दख्खनेतून परत निघाले आणि ऑगस्ट १६६७ मध्ये बुऱ्हाणपूरला मेले. विषप्रयोगाची कुजबुज लगेच सुरू झाली. मनुची औरंगजेबाकडे बोट दाखवतो, कुणी मुन्शी उदयराजाचं नाव घेतं, कर्नल टॉड सांगतो की मुलगा कीरतसिंग यानेच केलं. तीन संशयित, हेतू भरपूर, पंचनामा नाही.

रंगीत तालीम छत्रीजवळच्या हॉटेलात झाली. श्रोते चौघे, चहा अर्धा-अर्धा. तीन संशयितांची नावं घेऊन होईस्तोवर तीन पक्ष पडले. एकाने औरंगजेबाला जामीन नाकारला, दुसऱ्याचं म्हणणं मुन्शी लोकांवर विश्वास टाकूच नये, तिसऱ्याने पोरावर संशय घेतला आणि त्याचा स्वतःच्या शेताच्या वाटणीशी काही संबंध नाही असं न विचारता सांगितलं. आवाज चढले, तसा हॉटेलवाला झारा हातात घेऊन बाहेर आला.

"गुरुजी, विष काह्यातून देल्लं म्हनता?"

"टॉड लिहितो, अफूतून."

"चहातून नाही?"

"चहा इकडं होता कुठी तव्हा!"

हॉटेलवाल्याचा जीव भांड्यात पडला. "मंग मांडा तुमची फेरी इथंच. आपल्या धंद्यावर आळ येत नाही." आणि चौकशी चालू राहावी म्हणून त्याने न विचारता आणखी चार चहा गुरुजींच्या नावावर लिहिले.