बघता येईना, स्क्रीन वाकडी

टेस्लाची मॉडेल ३ अमेरिकेत २०१७ साली ग्राहकांच्या हाती पडली, तेव्हा चालकाच्या पुढ्यात स्टिअरिंग होते आणि त्याच्या पलीकडे नुसती लाकडी पट्टी. वेगाचा काटा नाही, किलोमीटरचे आकडे नाहीत, एकही दिवा नाही. जे काय सांगायचे ते डॅशच्या मधोमध उभ्या केलेल्या १५ इंची टचस्क्रीनवर. वेगाचा आकडा त्या स्क्रीनच्या चालकाकडच्या कोपऱ्यात टाकला होता, एवढी एक मेहेरबानी.

ही स्क्रीन जागच्या जागी पक्की. ना इकडे वळत, ना तिकडे. दोन्ही सीटांपासून सारख्या अंतरावर, सारख्या कोनात. समतेचे इतके कडक पालन सहकारी सोसायटीच्या पार्किंगमध्येसुद्धा होत नाही. फक्त दोघांपैकी एकाला गाडी चालवायची असते आणि दुसऱ्याला शेंगा सोलायच्या असतात, हा तपशील आखणी करणाऱ्यांच्या नजरेतून सुटला.

मग जे व्हायचे तेच झाले. स्क्रीन चालकाकडे थोडी वळवून देणारा धातूचा सांधा बाजारात आला. एकाने काढला, मग दहांनी काढला, आणि ‘स्विव्हल माउंट’ या नावाने तो आता घरपोच मिळतो. बसवण्याची रीत अशी: स्क्रीनच्या पाठीवरचे प्लास्टिकचे झाकण उचकटायचे. ते नुसते खाचांत अडकवलेले असते, पण निघताना जो ‘कट्’ असा आवाज होतो त्याने गाडीचे सगळे हप्ते मालकाच्या डोळ्यांसमोरून जातात. मग स्क्रू सोडवायचे, एकाने स्क्रीन तोलून धरायची, दुसऱ्याने वायर जपायची आणि मूळचे ब्रॅकेट व स्क्रीन यांच्यामध्ये तो सांधा घालून पुन्हा सगळे आवळायचे. काही सांधे फक्त डावी-उजवीकडे वळतात, काही वर-खालीही. हलक्या प्रतीचा निघाला तर थोड्याच दिवसांत तो सैल होतो आणि खड्ड्याखड्ड्याला स्क्रीन होकारार्थी मान डोलावू लागते.

खरेदी इथेच थांबत नाही. स्टिअरिंगच्या मागे काहीच नाही म्हणून तिथे बसवायला छोटी वेगळी स्क्रीन मिळते. तिच्यावर वेग दिसतो. बटणे नाहीत म्हणून ब्लूटूथवर चालणारी, चिकटवायची बटणे मिळतात. थोडक्यात, कंपनीने ‘स्वच्छ, मोकळे डॅश’ म्हणून ज्या ज्या गोष्टी गाळल्या, त्या एकेक करून ग्राहक स्वतःच्या पैशाने परत आणतो. वायरी आणि बटणे वाचली, त्यात कंपनीचा खर्च वाचला. ती परत बसवून द्यायला दुसऱ्याचे दुकान चालू झाले. गाळणाराही कमावतो आणि भरणाराही. मधल्यामध्ये एकच माणूस आहे, ज्याने दोघांनाही पैसे दिले, आणि तो दोघांचेही कौतुक करतो.

काय काय त्या स्क्रीनमध्ये गेले आहे, ते बघण्यासारखे आहे. समोरचा कप्पा उघडायचा तर स्क्रीनवरून. एसीचा झोत तोंडावरून छातीवर आणायचा तर स्क्रीनवर बोटाने ओढून. जाळीला हात लावून काही उपयोग नाही. वायपरचे सुद्धा तेच. दांड्याचे बटण दाबले तर काच एकदा पुसली जाते. वायपर हळू की जलद, हे ठरवायला सुरुवातीच्या गाड्यांत स्क्रीनच. आणि वायपर जलद करण्याची वेळ माणसावर नेमकी कधी येते?

जर्मनीत एकावर ती वेळ मुसळधार पावसात आली. टेस्लाच्या त्या चालकाने वायपरची गती बदलायला स्क्रीनकडे पाहिले, गाडी रस्ता सोडून झाडांत गेली. त्याला २०० युरो दंड झाला आणि एक महिना गाडी चालवायची बंदी. अपिलात त्याचे म्हणणे साधे होते: मी फोन बघत नव्हतो, काच पुसत होतो. कार्ल्सरूहच्या वरिष्ठ न्यायालयाने २०२० मध्ये ते फेटाळले. गाडीत कायमची बसवलेली टचस्क्रीन हेही विद्युत उपकरणच, त्यावर तुम्ही काय करत होता याला महत्त्व नाही, असा निकालाचा अर्थ. वायपर स्क्रीनमध्ये कोंबणाऱ्याला मात्र कोणी काही विचारले नाही.

अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा खात्याने २०१३ मध्येच यावर मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. चालकाने गाडीतल्या उपकरणाकडे एका वेळी दोन सेकंदांहून जास्त बघू नये आणि एक काम एकूण बारा सेकंदांच्या आत उरकावे, असा त्यांचा सांगावा. ताशी १०० किलोमीटरने दोन सेकंदांत गाडी पंचावन्न मीटर जाते, त्यामुळे ही सूटही सढळ हाताचीच. सूचना ऐच्छिक होत्या. ऐच्छिक सूचनांचे पुढे काय होते, हे ‘कृपया रांगेत उभे राहावे’ ही पाटी वाचलेल्यांना वेगळे सांगायला नको.

‘वि बिलेगारे’ या स्वीडिश मोटार मासिकाने २०२२ साली हिशेबच मांडला. ताशी ११० किलोमीटरच्या वेगात सीट गरम करणे, रेडिओचे स्टेशन लावणे अशी चार कामे चालकांना दिली आणि घड्याळ लावले. बटणांची, २००५ सालची जुनीपुराणी व्होल्वो व्ही ७०: दहा सेकंद, ३०६ मीटर. एमजीची मार्व्हल आर: ४४.९ सेकंद, १,३७२ मीटर. म्हणजे जवळजवळ दीड किलोमीटर रस्ता सीट उबदार करण्याच्या नादात गेला. टेस्ला या दोहोंच्या मध्ये होती. यात गंमत अशी की स्क्रीन वळवणारा सांधा बसवला तरी कामांची संख्या कमी होत नाही. मान थोडी कमी फिरते, हात थोडा कमी लांबवावा लागतो, उन्हाची तिरीप चुकवता येते. एवढेच, पण उन्हाळ्यात तेही थोडके नाही.

या सांध्याची एक बाजू विक्रेते फारशी सांगत नाहीत. अमेरिकेच्या २०१ क्रमांकाच्या सुरक्षा मानकात डॅशवर ६.८ किलोचे नकली डोके आपटून बघतात. त्या डोक्याला बसणारा धक्का ८० जी-च्या वर सलग तीन मिलिसेकंदांहून जास्त टिकता कामा नये. गाडीचे डॅश या हिशेबाने बनवलेले असते. नंतर मध्ये घातलेला धातूचा गोळा अपघातात कसा वागेल, याची चाचणी गाडीच्या कंपनीने केलेली नसते. स्क्रीन पुढे येते, तिरकी होते, तिचा कोपरा कोणाच्या तरी दिशेने जातो. ती चालकाला नीट दिसावी म्हणून केलेला हा उपद्व्याप आहे. चालकाला ती नको तितकी जवळून दिसावी, असा कोणाचाच हेतू नव्हता.

१५ जुलै २०२५ रोजी टेस्लाने मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात दुकान थाटले. मॉडेल वायची तेव्हाची सुरुवातीची किंमत ५९ लाख ८९ हजार. पहिली गाडी सप्टेंबरमध्ये राज्याचे परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी घेतली. त्यांच्याच खात्यात एसटी येते, आणि तिच्या चालकाला वायपरचे बटण अंधारातही हाताला लागते. या गाडीत तर गिअरसुद्धा स्क्रीनच्या कडेला बोट सरकवून टाकायचा. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, तेव्हा स्क्रीनही उजवीकडे वळायला हवी. दोन्ही बाजूंना फिरणारा सांधा असेल तर ठीक. अमेरिकेतल्या मामेभावाकडून डावीकडेच कललेला तुकडा मागवला, तर स्क्रीन जन्मभर शेजारच्या सीटकडे बघत बसेल आणि गाडी कोणाच्या नावावर आहे, यावरून घरात नवाच विषय निघेल.

बीवायडीच्या अ‍ॅटो ३ मध्ये मोटरवर फिरणारी १२.८ इंची स्क्रीन आहे. बटण दाबले की आडवीची उभी होते, उभीची आडवी. शोरूममध्ये आलेला प्रत्येक माणूस ती चारदा फिरवतो. चालकाकडे मात्र ती वळत नाही.

आणि आपल्या डॅशचा खरा मालक कुठे बसवायचा? भारतातला डॅशवरचा सर्वांत जुना जास्तीचा जोड म्हणजे डबल टेपने चिकटवलेला गणपती. तो वर्षानुवर्षे मधोमधच असतो, दोघांनाही सारखाच दिसतो, आणि त्याला वळवायची आजवर कोणी मागणी केलेली नाही. पंधरा इंची स्क्रीन वळली की तो तिच्या मागे जातो. सोळा हजारांचा सांधा घेतलेला माणूस पुढच्या रविवारी पुन्हा डबल टेप आणायला निघतो.

स्क्रीनचा हा हव्यास टेस्लाने शोधून काढला असेही नाही. जनरल मोटर्सच्या ब्युक रिव्हिएरात १९८६ सालीच टचस्क्रीन होती, तीही काचेच्या नळीची. लोकांना ती आवडली नाही आणि १९९० च्या मॉडेलमध्ये बटणे परत आली. चार वर्षांत धडा शिकून झाला, मग तीस वर्षे तो विसरण्यात गेली. आता फोक्सवॅगनचे डिझाइनप्रमुख आंद्रेयास मिंट म्हणतात की गाडी म्हणजे फोन नव्हे, आणि आवाज, एसी, पंखा यांची बटणे परत आणतात. गाड्यांच्या सुरक्षेला गुण देणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेनेही २०२६ पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न यांच्यासाठी खरीखुरी बटणे वा दांडे असतील तरच पूर्ण गुण द्यायचे ठरवले. चिकटवायच्या बटणांचा धंदा करणाऱ्यांना ही बातमी कडू लागली असेल.

टेस्लानेही तक्रार अगदीच कानाआड केली असे म्हणता येणार नाही. महागड्या मॉडेल एसमधली स्क्रीन आता मोटरवर डावी-उजवीकडे कलते. ती चालकाकडे वळवायची असेल तर हात लांब करून स्क्रीनवर जायचे, सेटिंग उघडायचे, त्यात डिस्प्ले शोधायचे आणि तिथला बाण दाबायचा.