निळे घेऊ की तपकिरी?

गुरुवारची रात्र, अकरा वाजून दहा मिनिटं. आम्हा प्रोग्रामर मंडळींच्या गटावर नाशिकचा एक पोरगा लिहितो, ‘‘प्रॉडक्शनचा रेप्लिका मुख्य डेटाबेसच्या चाळीस मिनिटं मागे पडलाय आणि अंतर वाढतंच चाललंय. कुणी बघितलंय का असं?’’ (रेप्लिका म्हणजे मुख्य डेटाबेसची जोडीने चालणारी नक्कल.) खाली लॉगच्या बारा ओळी, डेटाबेसची आवृत्ती, आणि आतापर्यंत काय काय करून बघितलं त्याची यादी. इतका नेटका प्रश्न की कॉलेजात फळ्यावर लिहून ठेवावा.

गटात चारशेच्या वर माणसं आहेत. त्यातली निम्मी तरी त्या वेळी जागी असणार. रात्री अकराला झोपलेला प्रोग्रामर एकतर आजारी असतो नाहीतर मॅनेजर झालेला असतो. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मग एकाने दोन डोळ्यांची इमोजी टाकली. म्हणजे ‘बघतोय’. रस्त्यावर कुणी पडलं की आपण स्कूटर हळू करून बघतो आणि पुढे जातो, तसं बघणं.

अकरा सव्वीसला साताऱ्याच्या एकीने विचारलं, ‘‘मेकॅनिकल कीबोर्ड घेतेय. स्विच निळे घेऊ की तपकिरी?’’

गट ताडकन उठून बसला.

ज्यांना या विषयाची बाधा नाही त्यांच्यासाठी सांगतो. या कीबोर्डच्या प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्प्रिंगवालं स्विच असतं. निळं स्विच दाबलं की कट्ट असा आवाज करतं. तपकिरी बोटाला किंचित अडखळवतं, पण ओरडत नाही. लालात ना कट्ट, ना अडखळ. विषय एवढाच. न्यू जर्सीवाल्याने, तिकडे दुपारची जेवणाची सुट्टी होती, आपल्या टंकनाचं ध्वनिमुद्रण पाठवलं. ते मी ऐकलं, शेंगा सोलल्यासारखं वाटलं. चिंचवडच्या एकाने स्विच उघडून त्याची स्प्रिंग वर्तमानपत्रावर काढून ठेवली आणि फोटो टाकला. बंगळुरूला स्थायिक झालेल्या एका अनुभवी गृहस्थांनी आयुष्याचं सार सांगितलं : लग्नाआधी निळे, लग्नानंतर तपकिरी, बाळ झाल्यापासून लॅपटॉपचाच. त्यावर सत्तावीस जणांनी हसून घेतलं. पाऊण वाजेपर्यंत मी मोजले, एकशे सत्त्याऐंशी मेसेज. नाशिककराचा रेप्लिका तोवर कुठवर मागे गेला होता देव जाणे. बहुधा दुपारच्या चहापर्यंत.

लक्षात घ्या, त्या पोराने सगळं शास्त्रानुसार केलं होतं. आमच्या जमातीत प्रश्न कसा विचारावा याचं सोवळं फार कडक. अमेरिकन प्रोग्रामर एरिक रेमंड यांनी तर 2001 साली त्यावर पोथीवजा निबंध लिहून ठेवलाय. ‘हाय’ म्हणून थांबायचं नाही. ‘एक विचारू का?’ असं विचारायचं नाही, विचारूनच टाकायचं. 2008 साली स्टॅक ओव्हरफ्लो ही प्रोग्रामरांची प्रश्नोत्तरांची साइट सुरू झाली, तिथे तर प्रश्नातले नमस्कार आणि आभार हा केर समजून झाडून टाकतात. आता आपल्या माणसाला हे जमायचं कसं? आपल्याकडे शेजाऱ्याची शिडी मागायची तरी आधी ऊन किती वाढलंय, मग त्याच्या मुलीची दहावी, मग नको नको म्हणत अर्धा कप चहा, आणि निघताना चपलेत पाय घालता घालता ‘अरे हो, ती शिडी...’

नोकरीत नवा होतो तेव्हा मी एकदा कंपनीच्या चॅटवर ‘सर, नमस्कार’ एवढंच लिहून तासभर उत्तराची वाट बघितली होती. तासाने पलीकडून एक लिंक आली. उघडून बघितली तर ‘नुसतं हॅलो म्हणून थांबू नका’ हे सांगण्यासाठीच कुणीतरी बनवलेलं पान. तेव्हापासून मी सुधारलो. आता आईचा फोन आला तरी थेट ‘बोल, काय झालं?’ म्हणतो. ती दचकते आणि खरंच काहीतरी झालंय का ते आठवू लागते.

तर एवढं सोवळं पाळून नाशिककराला प्रसाद काय मिळाला? डोळे.

पण मला गटाचा राग येत नाही. रेप्लिकेशनवर तोंड उघडायचं तर त्यातलं काहीतरी ठाऊक असावं लागतं, आणि चुकलं तर पकडायला चारशे जण टपलेले. कीबोर्डवर बोलायला दहा बोटं असली की पुरे.

हा रोग आमचा एकट्याचा नाही आणि आजचाही नाही. सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन या इंग्रज इतिहासकाराने 1957 सालच्या पुस्तकात एका काल्पनिक समितीची बैठक रंगवलीय. पहिला विषय अणुभट्टीचा, खर्च एक कोटी पौंड. अणुभट्टी म्हणजे काय हे बहुतेकांना कळत नाही आणि ज्याला कळतं तो सुरुवात कुठून करायची या विचाराने गप्प बसतो. अडीच मिनिटांत मंजूर. दुसरा विषय कारकुनांच्या सायकलींसाठी शेड, खर्च 350 पौंड. छप्पर ॲल्युमिनियमचं की ॲस्बेस्टॉसचं, यावर पाऊण तास. तिसरा विषय बैठकीतल्या कॉफीचा, वर्षाला 21 पौंड. त्यावर सव्वा तास जातो आणि शेवटी ‘अधिक माहिती घेऊन पुढच्या बैठकीत ठेवा’ असं ठरतं.

ज्यांनी हाउसिंग सोसायटीची सर्वसाधारण सभा बघितलीय त्यांना यात काल्पनिक काय ते शोधावं लागेल. आमच्याकडे लिफ्टच्या देखभालीचं कंत्राट सूचक, अनुमोदक, मंजूर, पुढचा विषय, अशा वेगाने गेलं. त्या लिफ्टमधून आम्ही रोज जिवावर उदार होऊन जातो ते सोडा. पुढचा विषय गेटचा रंग. तिसऱ्या मजल्यावरचे काका मोरपंखीसाठी उभे राहिले ते बसेचनात. चॉकलेटीवाल्या काकू रंगाचं कार्डच घेऊन आल्या होत्या. रात्री साडेदहाला बटाटेवडे गार झाल्यावर ‘आहे तोच ठेवावा’ असा ठराव झाला.

प्रोग्रामरांनी या आजाराला नाव दिलं, एवढंच त्यांचं वेगळेपण. गोष्ट 1999 सालची. फ्री-बीएसडी ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम बनवणाऱ्यांत स्लीप या आज्ञेवरून वाद पेटला. स्लीप म्हणजे संगणकाला ‘इतके सेकंद गप्प बस’ असं सांगणं. कुणीतरी सुचवलं की पूर्ण सेकंदांबरोबर अर्धा, पाव सेकंदही चालावा. झालं. गप्प बसण्याच्या आज्ञेवरून कुणी गप्प बसेना. शेवटी डेन्मार्कच्या पॉल-हेनिंग काम्प यांनी ऑक्टोबरात सगळ्यांना एक लांब पत्र धाडलं. विषयाच्या ओळीतच सायकलची शेड होती, ‘रंग कुठलाही चालेल’ अशा सवलतीसह. आपल्याकडे याहून मोठ्या अडचणी पडून आहेत आणि त्यांच्या वाट्याला एवढं लक्ष आलेलं नाही, हे त्यांचं दुखणं. त्या पत्रानंतर फालतू वादाला आमच्यात ‘बाइकशेडिंग’ म्हणू लागले. आता हा शब्द नेमका कुठे वापरावा यावर वाद होतात.

अशा फालतू वादांतले काही मात्र मला मनापासून आवडतात. टॅब की स्पेस हा त्यातला राजा. कोडची ओळ थोडी आत सरकवायची तर टॅबची कळ एकदा दाबायची की स्पेसची चारदा? पडद्यावर दोन्ही सारखंच, म्हणजे काहीच नाही. न दिसणाऱ्या गोष्टीवरून पिढ्यान्‌पिढ्या भांडायचं काम पूर्वी शास्त्री-पंडितांकडे असे. यातली एक गोष्ट तर कीर्तनात सांगावी अशी आहे. बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी 1976 साली कोडपासून प्रोग्राम तयार करणारं ‘मेक’ नावाचं साधन लिहिलं. त्यात आज्ञेच्या ओळीआधी टॅबच हवा, स्पेस दिलीत तर ते रुसतं. हे काही बरं झालं नाही, हे त्यांना थोड्याच दिवसांत कळलं. पण तोवर वापरणारे डझनभर लोक जमले होते, त्यातले बरेचसे मित्रच. त्यांची घडी कशाला विस्कटा, म्हणून टॅब तसाच राहिला. बारा मित्रांना त्रास नको म्हणून जगभरचे प्रोग्रामर आजतागायत त्या टॅबला ठेचकाळतात. भिडस्तपणा फक्त आपल्याकडेच असतो असं वाटत असेल तर हे उदाहरण जवळ ठेवा.

दुसरा लाडका वाद हलत्या चित्रांच्या त्या तीन अक्षरी फाइलचा. नावाचा उच्चार गिफ की जिफ? ती बनवणारे स्टीव्ह विल्हाइट यांना 2013 मध्ये वेबी पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांनी जाहीर करून टाकलं की जिफ. बापाने बाळाचं नाव सांगितल्यावर बारशाला जमलेल्यांनी ऐकावं की नाही? नाही ऐकलं. गिफवाले अजून गिफच म्हणतात. पण गंमत आपल्या लिपीची. रोमनमध्ये दोन्ही पक्षांना एकच अक्षर पुरतं, त्यामुळे भांडण लेखी चालू ठेवता येतं. देवनागरीत पहिलं अक्षर लिहिलं की पक्ष उघडा पडतो. आमच्या गटावर म्हणून सगळे सावधपणे ‘ते हलणारं चित्र’ म्हणतात.

अलीकडे एक नवीनच झालंय. 2022 च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं आणि खऱ्या प्रश्नांचा ओघ तिकडे वळला. साहजिक आहे. यंत्राला नुसतं ‘हाय’ म्हटलं तर ते तुम्हाला लिंक फेकून मारत नाही, उलट हायच म्हणतं. ‘आधी मॅन्युअल वाच’ म्हणून खेकसत नाही. तुमचा प्रश्न किती छान आहे हे सांगून मग उत्तर देतं, कधी बरोबर, कधी ठोकून. स्टॅक ओव्हरफ्लोवर येणारे प्रश्न झपाट्याने आटले. मला वाटलं आता आमचा गटही ओस पडणार. प्रश्न विचारायला कुणी येणार नसेल तर एवढी हुशार माणसं करतील काय?

काय करतील! कीबोर्ड, खुर्ची, एडिटरला काळी पार्श्वभूमी की पांढरी, एआयने लिहिलेला कोड कुणी तपासायचा, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये कॉल कसा घ्यावा, घरून काम करताना दुपारी झोप लागते ते नैतिक आहे का. प्रश्नांची अडचण दूर झाल्यावर गट उलट जोमाने चालतोय.

त्या रात्रीचं सांगायचं राहिलं. एक पन्नासला नाशिककर परत आला.

‘‘सुटलं.’’

बास, एवढंच. का अडलं होतं, कसं सुटलं, काही नाही. पाच वर्षांनी कुणीतरी याच दुखण्याने हैराण होऊन जुने मेसेज उपसेल, त्याला हा एक शब्द सापडेल आणि तो या पोराच्या सात पिढ्यांचा उद्धार करेल. मी ते पाप टाळावं म्हणून त्याला खाजगीत गाठलं. कुणीतरी वर्षभराच्या हिशेबाचा भला मोठा रिपोर्ट थेट रेप्लिकावर चालू करून घरी गेलं होतं. ते वाचन संपेपर्यंत मुख्य डेटाबेसकडून येणारे बदल दारात ताटकळले होते. रिपोर्ट मारला, रांग सरकली.

‘‘सापडलं कसं?’’ मी विचारलं.

‘‘एआयला विचारलं. दुसऱ्याच उत्तरात सांगितलं त्याने. साडेअकरालाच.’’

‘‘अरे, मग रिपोर्ट तेव्हाच का नाही मारलास?’’

‘‘साहेबांचा होता. ते फोन उचलेनात, आणि न विचारता मारायची छाती होईना. ऑफिसात मी एकटाच, एसीसुद्धा बंद केलेला. म्हणून तुमचं ते निळं-तपकिरी वाचत बसलो.’’

‘‘सगळे?’’

‘‘सगळे एकशे सत्त्याऐंशी. दीडला साहेबांचा फोन आला.’’

तोवर इकडे गटावर त्याच्या ‘सुटलं’खाली पहिलं उत्तर उगवलं होतं. साताऱ्यावालीचंच. रेप्लिकाबद्दल अवाक्षर नाही.

‘‘अभिनंदन! तुझा कीबोर्ड कुठला?’’

‘‘ऑफिसचा. साधा, रबरवाला,’’ नाशिककराने लिहिलं.

दोन मिनिटं सन्नाटा. मग न्यू जर्सीवाला टाइप करतोय असं दिसू लागलं. बराच वेळ दिसत राहिलं.