दिवाडी बेटाची एक दिवसाची सहल

दिवाडी हे मांडवीच्या पात्रातले बेट. सरकारी कागदावर ते तिसवाडी तालुक्यात मोडते. डिचोलीकराच्या हिशेबी मात्र मये ओलांडून नार्व्याच्या धक्क्यावर फेरीबोट धरली की काही मिनिटांत दिवाडी. पूल नाही. समुद्रही नाही, त्यामुळे गोव्यातले बेट म्हणून पोहण्याचे कपडे घेऊन आलेल्या पाहुण्याची पिशवी संध्याकाळी कोरडीच परत जाते.

पेडणेकराची तऱ्हा निराळी. १९९८ मध्ये पूर्ण झालेली कोकण रेल्वे थिवी आणि करमळीच्या मधे याच बेटावरून धावते, पण बेटावर स्थानक नाही. पेडण्यात गाडीत बसलेला माणूस दिवाडीची खाजन शेते खिडकीतून पाहतो, नदी ओलांडतो, करमळीला उतरतो, जुन्या गोव्याचा धक्का गाठतो आणि तीच नदी पुन्हा ओलांडून मघाशी मागे टाकलेल्या बेटावर येतो.

फेरीबोटीतला प्रवास थोडका, पण रीतभात पक्की. बोट अर्ध्या पात्रात असतानाच पहिला स्कूटरवाला इंजिन सुरू करतो. त्याचे ऐकून बाकीचे करतात. मग सगळे धुरात उभे राहून पलीकडच्या काठाकडे असे पाहतात, की जणू तो पळून जाणार आहे. दोर घेऊन उभ्या खलाशाला कसलीच घाई नसते.

बेटाचे सर्वांत मोठे प्रेक्षणीय स्थळ बेटावर नाही, ही दिवाडीची खरी अडचण. कदंब राजांचा सप्तकोटेश्वर मूळचा इथला. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी देऊळ पाडले, तेव्हा देव नदीपलीकडे डिचोलीच्या बाजूला गेला. तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करविला; तसा शिलालेख तिथे आहे. दिवाडीच्या गणपतीनेही खांडोळ्याला बिऱ्हाड केले. सप्तकोटेश्वराबरोबर गावाचे नावही पलीकडे गेले आणि मूळ जागीही राहिले. परिणामी नार्व्याहून निघालेला प्रवासी नार्व्यालाच उतरतो, आणि ‘पोचलो, नार्व्याला आहे’ असे त्याने फोनवर सांगितले की घरच्यांना वाटते, स्वारी अजून धक्क्यावरच आहे.

बेटावर उरते ते टेकडीवरचे पिएदाद चर्च. चढ चढून घाम पुसला की मांडवीपलीकडे जुन्या गोव्याची चर्चे एका नजरेत दिसतात. खाली भातशेते, बांध आणि भरतीचे पाणी अडवणारी मानशीची दारे. हा देखावा फुकट आहे आणि पोटभर पाहता येतो. पोट मात्र भरत नाही. दुपारी दुकानदार फळ्या लावून झोपलेला असतो, आणि गिऱ्हाइकापायी झोपमोड करणे त्याच्या धर्मात बसत नाही. उपाशी पाहुण्याला आशा उरते ती संध्याकाळच्या पोदेराची, म्हणजे पाववाल्याची. सायकलच्या भोंप्याचा पों-पों ऐकू येताच पिशव्या घेऊन अख्खा वाडा बाहेर पडतो. उंडे, पोळ्या, काकणे अशी टोपली रिकामी होत जाते. पाहुण्याने भाव विचारीत उभे राहू नये, आधी हात घालावा.

ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी मात्र इथे बोंदेरा असतो. वाड्यावाड्यांत हद्दीवरून मारामाऱ्या होत, म्हणून पोर्तुगीज सरकारने सीमेवर निशाणे रोवली आणि लोकांनी ती पाडली, असे सांगतात; त्या भांडणाची आता मिरवणूक निघते. त्या दिवशी फेरीबोटीत पाय ठेवायला जागा नसते. शांतता हवी असेल त्याने दुसरा कुठलाही दिवस धरावा, डबा बांधून घ्यावा आणि सप्तकोटेश्वराचे दर्शन फेरीत चढण्याआधीच उरकावे.