बिनतक्रार रहिवासी

वसईच्या मातीत जन्मलेल्या, अथवा माझ्याप्रमाणे निवृत्तिवेतनाच्या आधाराने तीत रुजलेल्या मनुष्याला झाडांची चाकरी करण्याचे व्यसन असते. गिरीज-भुईगावाकडच्या वाड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या केळी, पानवेली आणि मोगरा यांची बडदास्त ठेवता ठेवता, आळ्यात पाणी सोडणे हा येथे शेतीचा भाग न राहता स्वभावाचा भाग झाला. आणि पुढे बावखले बुजली, विहिरींचे पाणी मचूळ झाले, टँकरची प्रतीक्षा हे गृहस्थाश्रमाचे एक अंग होऊन बसले, तरी तो स्वभाव तिळभर ढळलेला नाही. अशा मुलखात, ज्या झाडाला आपल्या सेवेची यत्किंचितही गरज नाही असे झाड अंगणात बाळगणे म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांना उघड आव्हान देणे होय. मी सदाफुली बाळगली आहे.

‘लावली आहे’ असे मुद्दामच म्हटले नाही. कुंपणाच्या भिंतीला जी भेग पडली आहे, तीत ती आमच्या आधीपासून राहत होती. मी केवळ तिचा बेकायदा ताबा नियमित केला, आणि आमच्या तालुक्यात यात कोणाला काही वावगे वाटण्याचे कारण नाही. वैशाखातल्या दुपारी तिची तुकतुकीत पाने थोडी माना टाकतात, परंतु सूर्य समुद्राकडे कलला की पुन्हा सावरून, मधली फिकट शीर ताठ करून उभी राहतात. फूल पाच पाकळ्यांचे, रंग जांभळट गुलाबी, मध्ये गर्द टिकली, आणि त्या टिकलीच्या ऐन मध्यावर टाचणीच्या अग्राएवढे छिद्र, की ज्यातून आत डोकावण्याची परवानगी फुलपाखराच्या सोंडेखेरीज कोणासही नसावी.

कारकुनीत हयात गेल्यामुळे वहिवाटदाराचा मूळ दाखला पाहिल्यावाचून मला चैन पडत नाही. ही बाई मूळची मादागास्कर बेटावरची. लिनियसने १७५९ साली तिची नोंद ‘विंका रोझिया’ म्हणून केली. पुढे जॉर्ज डॉन याने फेरफार करून ती ‘कॅथरँथस’ या खाती वर्ग केली. या खाती एकंदर ८ जाती असून त्यांपैकी ७ मादागास्करच्या आणि एकच काय ती आपल्या उपखंडातली. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी भारतखंडाने त्या बेटापासून फारकत घेऊन उत्तरेची वाट धरली, असे भूगर्भशास्त्रज्ञ सांगतात. या दोन गोष्टींचा संबंध ते जोडोत वा न जोडोत, पण सातास एक ही वाटणी इतकी विषम आहे की, आमच्या कचेरीत तो कागद आला असता तर मी तो खात्रीने तहकूब ठेवला असता.

तिची सर्वांत मोठी अडचण म्हणजे आमच्या शेजारचे काका. त्यांची वाडी होती तेव्हा त्यांच्या मोगऱ्याने दादरचा बाजार पाहिला होता. आता वाडीच्या जागी इमारत आणि हाती केवळ पाण्याची नळी उरल्यामुळे, भिंतीवरून नळी टाकून ते माझ्या सदाफुलीस स्नान घालीत. ‘अहो भाऊसाहेब, जीव आहे तिला!’ असे त्यांनी म्हटल्यावर मी निर्जीव ठरत असे. अखेर तिचे एक रोप नेऊन त्यांनी ते चिनी मातीच्या कुंडीत बसविले, शेणखत घातले, पेंड घातली, सकाळ-संध्याकाळ पाणी दिले. रोप सासरी सुखावलेल्या सुनेसारखे अंगाने भरले. फूल मात्र देईना. पुढे आषाढ आला. चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पाडणाऱ्या आमच्या आकाशाने काकांच्या सेवेत आपली भर घातली आणि त्या रोपाचे खोड बुंध्याशी काळे पडून ते आडवे झाले. मुळे कुजल्याचा वास कुंपणाच्या अलीकडे येत होता. भिंतीतली सदाफुली, भेगेत पाणी ठरतच नसल्यामुळे, पावसातही फुललेली होती. काकांनी कुंडीचा रीतसर पंचनामा करून निर्वाळा दिला, ‘पाणी कमी पडलं.’

दुसरा उपद्रव मधुमेहींचा. पहाटे फिरायला निघालेली, एरवी परक्याच्या फाटकाला हात न लावणारी सभ्य मंडळी भिंतीशी थबकतात आणि कोवळी पाने खुडून खिशात घालतात. एकदा त्यांतल्या तिघांना थांबवून मी सविस्तर कैफियत मांडली. साखरेवर हा पाला चालतो, ही समजूत तिकडे जमैका बेटावरही होती. तिथून १९५२ साली पानांचे एक पाकीट कॅनडात पोचले आणि रॉबर्ट नोबल व चार्ल्स बीअर यांनी त्याचा अर्क उंदरांना देऊन पाहिला. साखर हलली नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र झपाट्याने घटल्या. त्यातून १९५८ साली व्हिनब्लास्टिन हाती आले, मागाहून व्हिन्क्रिस्टिन आले, आणि लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर आजही ते वापरतात. तेव्हा हे झाड औषधी खरे, पण त्याचे औषध डॉक्टरांनी मापून शिरेतून द्यावयाचे. पाला म्हणाल तर विषारी, शेळीदेखील त्याला तोंड लावीत नाही.

तिघांनी अत्यंत आदराने ऐकून घेतले. एकाने खिशातली पाने काढून भिंतीवर ठेवली, दुसऱ्याने ती उचलून आपल्या पिशवीत घातली, आणि तिसऱ्याने आवाज खाली आणून मला विचारले, ‘भाऊसाहेब, एवढा अभ्यास आहे तुमचा, मग रक्तदाबावर कोणता पाला घ्यावा?’