झाकणाचा मान

डिजिटल कॅमेऱ्यात सर्वांत महत्त्वाचा भाग कोणता? लेन्स, सेन्सर ही नवख्यांची उत्तरे. तो मान बॅटरीच्या झाकणाचा. अनेक कॅमेऱ्यांत या झाकणाआड एक इवलीशी कळ असते. झाकण घट्ट बसून ती दाबली गेली नाही, तर बॅटरी काठोकाठ भरलेली असूनही कॅमेरा हूं की चूं करत नाही. आणि एवढी सत्ता ज्याच्या हाती, तो झाकणाचा दात तांदळाच्या दाण्याएवढा, प्लास्टिकचा!

आमच्या कॅमेऱ्याचा दात भाचीच्या लग्नात, ऐन अंतरपाट दूर होताना तुटला. दुरुस्तीवाले अदबीने म्हणाले, "साहेब, झाकण सुटं मिळत नाही. नवा कॅमेराच घ्या." केवढी ही दूरदृष्टी! हे धोरण सर्वत्र लागू व्हावे. शर्टाचे बटण तुटले, नवा सूट शिवा. दाराची कडी निखळली, बंगला विका. कॅमेरेही यापुढे 'झाकणासोबत मोफत' असेच विकावेत.

तूर्त आमचा कॅमेरा चटणीच्या पुडीवरून काढलेल्या रबरबँडवर उत्तम चालतो. रबरबँड सुटा मिळतो.