रानडुकराला फवारणीचा पंप

अहो वैनी, कुठं चाललाव? मोंढ्याला? जाल की मग, सोयाबीनचा भाव काय तासाभरात वाढायला नाही. भिंतीजवळ या जरा. मास्तरांच्या घरातला कालचा आरडाओरडा ऐकलाव का नाही?

नातवानं गाडी मोडली. खरी नाही हो, ठोकळ्यांची. हैदराबादच्या मामानं वाढदिवसाला डबा आणलता. पोरानं पुस्तिकेत दाखवलं तशी जोडली, आईनं शोकेसमध्ये ठेवली, येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं दाखवली. अन् काल बघती तर सगळे तुकडे चादरीवर! "भावानं एवढे पैसे घातले अन् ह्यानं वाटोळं केलं" म्हणून रडायलाच बसली. पैशाचं तिचं खरं आहे. आमचे हे सांगत होते, बाहेरून येणाऱ्या खेळण्यांवरची जकात 2020 च्या बजेटात 20 टक्क्यांवरून 60 वर नेली अन् 2023 ला 70 केली. मग डबा महागच पडणार. मामानं किती मोजले ते मात्र ती सांगंना. मी फिरवून फिरवून विचारलं, तर चहा ठेवते म्हणून आत गेली.

गाडी 'हेलो' नावाच्या गेममधली आहे. 2001 ला आला तो गेम, अंतराळातल्या लढाईचा. त्यात फौजेची एक उघडी जीप आहे, वॉर्टहॉग म्हणतेत. म्हंजे आफ्रिकेतलं रानडुक्कर! पुढं दोन सुळेबी काढलेत तिला. इथं आपण रानडुकरांपायी हरभऱ्यात रात्र रात्र जागल करायची अन् तिकडं गाडीला लाडानं त्याचंच नाव ठेवायचं. पुढं दोघं बसतेत, मागं एक जण उभा राहून बंदूक चालवतो. ती बंदूक गोल फिरते, हे ध्यानात ठेवा.

कारण पोरानं पयल्यांदा काढली ती बंदूकच. तिच्या जागी काय बसवलं म्हणता? फवारणीचा पंप! टाकी पांढऱ्या ठोकळ्यांची, नळी कसल्याशा रिफिलची. बंदुकीची गोल चकती खाली तशीच ठेवली, म्हून नोझल चौफेर फिरायलंय. मास्तर म्हणाले, "ह्यो शेतकऱ्याचा नातू शोभतो." मास्तरांनी स्वतः कधी पंप पाठीला अडकवला असंल असं मला वाटत नाही, पण बोलायला काय जातंय.

पण खरी गंमत पुढंच आहे. गेममधल्या गाडीची चारीबी चाकं वळतेत, पुढची एका बाजूला तर मागची उलट्या बाजूला. म्हून ती एवढ्याशा जागेत गर्रकन फिरती. 2007 च्या एका छोट्या सिनेमात न्यूझीलंडच्या वेटा वर्कशॉपनं बनवलेली ही गाडी खरीखुरी, चालवता येणारी होती, तीबी चारी चाकांनी वळणारी. पोराच्या डब्यातली मात्र साधी, नुस्ती ढकलायची. ह्यानं मनावर घेतलं. दाते असलेली पट्टी अन् तिच्यावर फिरणारं चाक पुढं लावलं, तसंच मागं लावलं, मधून एक दांडी घातली. फिरवली तर गाडी वळायच्या ऐवजी खेकड्यासारखी तिरकी सरकायली! चारी चाकं एकाच बाजूला वळालती. मास्तरांनी फळ्यावर आकृत्या काढल्या, काही जमंना. शेवटी पोरानंच मागचा सगळा सांगाडा उचलला, तोंड फिरवून बसवला, अन् झालं. पट्टी पुढच्या चाकांच्या मागं अन् मागच्या चाकांच्या पुढं आली. एकच दांडी फिरती, पण चाकं आपोआप एकमेकांच्या उलट वळतेत. आता आपल्या बोळातली ट्रॉली अशी वळती तर तुमचा कट्टा दर सुगीत फुटला नसता.

तुकडे कुठून आणले म्हणता? ते बी ऐका. आपण सगळ्यालाच लेगो म्हणतो, पण ही गाडी लेगोची नाही. कॅनडात मॉन्ट्रियलला मेगा म्हणून कंपनी आहे, तिची. 2014 ला ती बार्बीवाल्या मॅटेलनं घेतली. लेगोनं ठोकळ्याचं पेटंट 1958 ला घेतलं. कॅनडात ते 1988 ला संपलं, मग मेगावाल्यांनी त्याच मापाचे ठोकळे काढले. लेगो कोर्टात गेली, की वरची टेंगळं ही आमचीच ओळख आहे. 2005 ला तिथल्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं, टेंगूळ ठोकळे जोडायच्या कामाचं आहे, ते काय कुणाचा शिक्का होत नाही. म्हून दोन्हीचे ठोकळे एकमेकांत बसतेत. पोरानं मावसभावाच्या जुन्या लेगोचे दाते असलेले तुकडे आणून ह्या रानडुकरात घातले, ते त्या निकालामुळंच.

हां, एक घोळ झाला. बॉनेटवर फौजेची खूण छापलेली होती, ती पुसायला ह्यानं बहिणीचं नेलपॉलिश काढायचं रिमूव्हर घेतलं. त्यात असतंय ॲसिटोन, अन् हे प्लास्टिक त्यात विरघळतंय. बॉनेट पांढरं पडलं, चिकट झालं, बोटाचे ठसे उमटले. बहीण बाटली रिकामी झाली म्हणून चिडली, आई बॉनेटसाठी. रंग द्यायचाबी त्याचा विचार होता, पण टेंगळावर थर चढला की ठोकळा बसत नाही, म्हून मग पिवळाच ठोकळा लावला बॉनेटला. दिसायलाय बरा.

बाप म्हणायला, कंपनीनं विचार करूनच बनवली असंल, कशाला मोडायची. मी तोंडावरच म्हणलं, भाऊ, तुमचा ट्रॅक्टर शोरूममधून आला तव्हा त्याला छत होतं का? टेप होता का? ते गोंडे, ते बंपर, मडगार्डवर पोरांची नावं, हे कंपनीनं दिलतं? आपल्या देगलूरात गाडी आली तशी कुणी ठेवलीय? उलट खऱ्या गाडीलाच बंदी आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे अन् 2019 ला सुप्रीम कोर्टानंबी सांगितलं, कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार करता येत नाही. खेळण्याला कुठला आरटीओ अडवायलाय? गप बसले.

मला विचारलाव तर आधीपेक्षा आता गाडी झाक झाली. बंदूक घेऊन ती शोकेसमध्ये नुस्ती उभी होती.

बरं, निघा आता, उशीर व्हायलाय तुम्हाला. फक्त एवढं करा, तुमच्या माळ्यावर पोरींच्या लहानपणीचा ठोकळ्यांचा डबा आहे ना, तो काढून ठेवा. पोराला आता मागं ट्रॉली जोडायचीय अन् मोठी चाकं कमी पडायलीत. कंपनी कुठलीबी असू द्या, एका टेंगळाच्या मध्यापासून शेजारच्याच्या मध्यापर्यंत 8 मिलिमीटर भरलं की बसतंय.