मारिओत पैसा घाला : खंडाळेकरांसाठी प्राथमिक धडे

खंडाळा म्हणजे आपला, साताऱ्याचा. लोणावळ्याशेजारी धुकं विकणारा नव्हे. हायवे आणि शिरवळच्या एमआयडीसीमुळे इथं आता गुंठाही परवडत नाही. खचू नका. जुलै २०२१ मध्ये अमेरिकेत 'सुपर मारिओ ६४' या १९९६ सालच्या गेमची एक सीलबंद कॅसेट लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरला गेली. म्हणजे ११ कोटींच्या वर. आता पायऱ्या नीट पाठ करा.

१. माळ्यावर चढा. 'समुराई' किंवा 'लिटल मास्टर' व्हिडिओ गेमचा डबा, दोन रिमोट आणि बदकं मारायची बंदूक शोधा. आईनं दिवाळीच्या साफसफाईत सगळं भंगारवाल्याला दिलं असेल, तर तिच्याशी भांडू नका. तिनं बाजारातली आवक घटवली, म्हणजे भावच वाढवला.

२. कॅसेटमध्ये फुंकर मारू नका. तोंडाच्या वाफेनं पिना गंजतात. लहानपणभर तेच केलंत ना? असू दे, तेव्हा तुम्ही गुंतवणूकदार नव्हता.

३. अस्सलपणा तपासा. '९९९९९९ इन १' लिहिलेली कॅसेट उघडा. आत हिरवी पट्टी, तिच्यावर काळा गोळा आणि तेच पाच-सहा गेम नावं बदलून. निन्टेंडोनं ही कॅसेट कधी बनवलीच नाही. मनाला लावून घेऊ नका. किमतीच्या रकान्यात 'भावनिक' असं लिहा.

४. अस्सल माल मिळालाच, तर ग्रेडिंगला धाडा. अमेरिकेत 'वाटा' नावाची कंपनी पैसे घेऊन १० पैकी गुण देते आणि गेम पारदर्शक पेटीत कायमचा बंद करते. त्या मारिओला ९.८ मिळाले. भाच्यानं खेळायला मागितला तर सांगा, "हात लावू नकोस, मामाची एफडी आहे."

५. 'दुर्मिळ' हा शब्द न हसता उच्चारायचा सराव करा. 'सुपर मारिओ ६४'च्या एक कोटीहून जास्त प्रती खपल्या. दुर्मिळ आहे ते वरचं प्लॅस्टिक.

६. एकट्याला झेपत नसेल तर हिस्सा घ्या. 'रॅली' या कंपनीनं २०२० मध्ये १ लाख ४० हजार डॉलरला एक सीलबंद 'सुपर मारिओ ब्रदर्स' घेतला, त्याचे हिस्से लोकांना विकले आणि ऑगस्ट २०२१ मध्ये तो २० लाख डॉलरला गेला. एका सातबाऱ्यावर बारा नावं पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको.

७. गिऱ्हाईक शोधा. ही पायरी मुद्दाम शेवटी ठेवली, नाहीतर पहिल्या सहा कुणी वाचल्या नसत्या. पेटीतला गेम दूध देत नाही, भाडं देत नाही, व्याजही देत नाही. तुमच्याहून जास्त पैसे देणारा माणूस भेटला, तरच त्याला किंमत. रविवारी नीरेचा पूल ओलांडून पुण्याच्या जुन्या बाजारात जा आणि त्या माणसाची वाट बघा.

तो भेटेपर्यंत पोस्टात एक आरडी काढून ठेवा. आणि कॅसेट अजून चालत असेल, तर भाच्याला दुसरा रिमोट द्या.